राखणदाराची बुडी

"मग क्लोरीन, ओझोन की तो निळा दिवा? एवढं एकच सांगा, बुवा, म्हणजे मी निघतो."

भिवाबुवांनी मान वर केली नाही. कुंडाच्या काठावर उकिडवे बसून ते पाण्यावरची वाळकी पानं वेचत होते.

निरंजन टिल्लूने घड्याळ पाहिलं. पाणी शुद्ध करण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. कारखान्यांतलं काळंकुट्ट पाणी तो पिण्याजोगं करून दाखवत असे, आणि चारचौघांत सांगतही असे. त्याच माणसाला आज ऊनवाडीच्या गरम पाण्याच्या कुंडावर, पंचा नेसलेल्या म्हाताऱ्या राखणदाराकडे, घरच्या टबासाठी सल्ला मागायला यावं लागलं होतं.

यावं लागलं ते वडिलांमुळे. अप्पांना गुडघ्यांनी जेरीस आणलं होतं आणि डॉक्टरांनी रोज पंधरा मिनिटं गरम पाण्यात बसायला सांगितलं होतं. निरंजनने हौसेने टब आणला, त्यात क्लोरीन स्वतः मोजून टाकलं. दुसऱ्याच आठवड्यात अप्पांची पाठ लालभडक झाली. आता नवा टब घ्यायचा होता, पण अप्पा काही ऐकेनात. तरुणपणी ते या कुंडावर येत असत. बुवा म्हणतील त्याच पाण्यात बसेन, नाहीतर गुडघे गेले खड्ड्यात, असं सांगून ते खोलीत जाऊन बसले होते.

हे सगळं बुवांना सांगून झालं होतं. निरंजनने माहितीपत्रकं कट्ट्यावर मांडली. एका टबात क्लोरीन आपोआप पडणार होतं, दुसऱ्यात ओझोनचे बुडबुडे सुटणार होते, तिसऱ्यात पाणी जंतू मारणाऱ्या निळ्या दिव्याखालून फिरून येणार होतं. बुवांनी चित्रं मन लावून पाहिली. आत बसायला पायरी आहे का, ते विचारलं. निळा दिवा त्यांना फारच आवडला.

मग निरंजनने पाणी तपासायची कागदी पट्टी काढली, कुंडात बुडवली आणि तिचा रंग डबीवरच्या रंगांशी ताडून पाहिला. तुमचं पाणी पास, असं त्याने मास्तरच्या थाटात जाहीर केलं.

"बरं झालं," बुवा म्हणाले.

ते उठले. बाहेरच्या हौदावर त्यांनी अंग खसाखसा धुतलं, टाचा दगडाने घासल्या, आणि पायऱ्या उतरून ते गळ्याइतक्या पाण्यात जाऊन बसले. डोळे मिटून…

कठड्याबाहेर दोन म्हातारे टॉवेल घेऊन थांबले होते. त्यांतल्या एकाने निरंजनला इथली रीत सांगितली. रोजची पहिली बुडी राखणदाराची. त्याने बाहेर येऊन बोलावल्याशिवाय कुणी पाण्यात पाऊल टाकत नाही. बुवांचे वडील एकदा पायाला फोड घेऊन वर आले होते, तेव्हा कुंड चार दिवस बंद राहिलं होतं.

निरंजनला हसू आलं. पट्टी असताना माणसाने अंग कशाला भाजून घ्यायचं?

बुवा वर आले. पंचा पिळत म्हाताऱ्यांना "या" म्हणाले आणि ते दोघे कण्हत, सुखावत पाण्यात उतरले.

"अप्पांची पाठ लाल झाली, तेव्हा तुझी पट्टी काय म्हणत होती?" बुवांनी विचारलं.

"बरोबर होती. रंग अगदी जुळत होता."

"आणि अप्पा काय म्हणत होते?"

पाणी टोचतंय रे, असं अप्पा तीनदा म्हणाले होते. तिन्ही वेळा निरंजनने त्यांना पट्टी दाखवली होती. आता आठवून त्याला स्वतःची लाज वाटली.

"तुला टोचलं का?"

"मी…"

बुवांनी पाण्यावरचं एक वाळकं पान उचललं. त्यांना घाई नव्हती.

"मी त्यात कधी उतरलोच नाही, बुवा."

बुवांनी दोरीवरचा कोरडा पंचा काढून त्याच्या हातात दिला.

निरंजनने घड्याळ काढून ठेवलं. हौदावर अंग धुतलं, टाचाही घासल्या, आणि तो पाण्यात उतरला. ऊब पाठीतून खांद्यापर्यंत चढली. शेजारचे म्हातारे सरकून बसले.

"कसं आहे पाणी?" बुवांनी काठावरून विचारलं.

त्याला एकही आकडा सुचला नाही. "छान आहे," तो म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी त्याला मनापासून बरं वाटलं.

बराच वेळ बसून तो वर आला. माहितीपत्रकं गोळा करताना त्याने हळूच विचारलं, "अप्पांना काय सांगू? तिन्हींतला कुठला?"

"निळ्या दिव्याचा घे. दिसतो छान." बुवा पुन्हा पानं वेचायला बसले. "पण अप्पांना हाक मारशील, ती ओल्या अंगानं."