डावे हात

"पण माझ्या पाठात चूक काय झाली, तेवढं तरी सांगा, गुरुजी."

मैथिली डुबल हे पुन्हा पुन्हा विचारत होती. शाळा सुटली होती. मुलाणी गुरुजी दुसरीच्या वर्गातल्या शेवटच्या बुटक्या बाकावर गुडघे दुमडून बसले होते आणि खिडकीबाहेर बघत होते.

त्यांच्या या गप्प बसण्याचा मैथिलीला मनस्वी राग यायचा.

बारावीला तिला असे गुण होते की सहज डॉक्टर झाली असती. मास्तरीण व्हायला चार वर्षं विद्यापीठात कशाला घालवायची, म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली. पण मी लहान मुलांनाच शिकवणार, म्हणत ती सगळ्या घराशी भांडली होती.

आज तिचा परीक्षेचा शेवटचा पाठ झाला. परीक्षक खूश होऊन, चहा पिऊन गेले. पण याच शाळेत हयात घालवलेल्या मुलाणी गुरुजींना विद्यापीठाने तिचे मार्गदर्शक म्हणून नेमलं होतं. ते हो म्हणाल्याशिवाय पदवी मिळणार नव्हती, आणि गुरुजी काही हो म्हणत नव्हते.

"तू प्रश्न विचारलास की किती हात वर यायचे?" गुरुजींनी शेवटी तोंड उघडलं.

"सगळे."

"त्यातले उजवे?"

मैथिली चपापली. पण क्षणभरच. मग तिने मान ताठ केली.

"कळलं तर तुम्हाला. हो, मीच सांगितलं होतं मुलांना. उत्तर येत असेल तर उजवा हात, येत नसेल तर डावा. पाठाच्या दिवशी सगळेच असं करतात. आमच्या आधी शिकून गेलेल्या मुलींनीच ही युक्ती सांगितली. कुणाची फजिती होत नाही आणि परीक्षकांना वर्ग हुशार दिसतो. मी काही चोरी नाही केली."

"मी कुठं म्हणलं चोरी?"

"मग?"

"झ्याक युक्ती आहे."

थट्टा असेल म्हणून तिने निरखून पाहिलं. गुरुजी हसत नव्हते.

"माझी हयात या वर्गात गेली, पोरी. येत नाही म्हणून हात वर करणारं पोर कधी बघितलं नव्हतं. आज अर्धा वर्ग बघितला..."

"मग पास करा मला."

"तू विचारलंस कुणाला?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं.

"उजव्यांनाच विचारणार ना," ती फणकारली. "परीक्षक समोर बसलेले. मी काय माझ्या पदवीवर पाणी सोडू?"

"पाठ पुन्हा घे, पोरी."

"नाही घेणार. परीक्षक गेले, मुलं घरी गेली. रिकाम्या वर्गाला कसला पाठ? मी विद्यापीठात जाऊन भांडेन, गुरुजी. तुमची तक्रार करेन."

"कर की. पण आधी पाठ घे. मी बसलोय इथं."

या माणसाशी भांडायचीही सोय नव्हती. मैथिलीने खडू उचलला आणि फळ्यावर बेचाळीस लिहिले, त्याखाली सतरा. वजाबाकीची रेघ तिने इतक्या रागात ओढली की खडूचे दोन तुकडे झाले.

"दोनातून सात जात नाहीत," ती फळ्याकडे तोंड करून ठसक्यात म्हणाली. "मग आता काय करायचं? कोण सांगेल?"

वळून बघते तो गुरुजींचा हात वर. डावा.

"गुरुजी, तुम्हाला येतं. हात खाली घ्या. पुरे झाली चेष्टा."

हात वरच होता. सुरकुतलेला.

रडायचं तर तिला मुळीच नव्हतं, निदान या म्हाताऱ्यापुढे तरी नाही. सवयीने तिची नजर बाकीच्या बाकांवरून फिरली, एखादा उजवा हात शोधत...

बाक रिकामे होते.

तिला आजवर फक्त पोरी म्हणत आलेले गुरुजी मागच्या बाकावरून हळूच म्हणाले,

"बाई, हात दुखायला लागला."