प्रश्न शेवटी

“मग चूक कोणाची, मदर? माझी, की त्यांची?”

एमरीने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तो पुन्हा येरझाऱ्या घालू लागला.

खोली चर्चच्या तळघरात होती. काळ्या लोकांच्या वस्तीसाठी लढणाऱ्या हक्क संघटनेची हीच कचेरी. भिंतीला टेकवलेल्या घडीच्या खुर्च्या, एक टेबल, आणि टेबलामागे मदर ओडेसा. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या त्या नदीकाठच्या गावात थोरल्या बाईला मदर म्हणायची रीत होती. मदर ओडेसांनी शाळेत मुलं शिकवली होती, मोर्चे काढले होते, तुरुंगही पाहिला होता. आता त्या पुठ्ठ्याच्या पंख्याने वारा घेत होत्या.

“बस आधी. जमीन झिजेल.”

“बसवत नाही, मदर! नगरपरिषदेची माणसं संध्याकाळी येणार. गोदीची प्रशिक्षण शाळा आपल्या वस्तीत की नदीपलीकडे, ते आज ठरणार. वस्तीने स्वतः उठून मागितली तर इथे. नाहीतर तिकडे. आणि आपली माणसं तोंडच उघडत नाहीत!”

एमरी याच वस्तीतला. शिकायला दूर उत्तरेत गेला, वकील झाला, आणि तिथली चांगली नोकरी नाकारून संघटनेत काम करायला परत आला. आला तेव्हा धाकटा भाऊ कामाच्या शोधात गाव सोडून गेला होता. वस्तीतली तरणी पोरं अशीच पांगत होती. दारासमोर गोदी होती, तिथे जहाजं दुरुस्त होत होती, पण ते काम या पोरांना शिकवायला कोणी तयार नव्हतं. शाळा आली तर भाऊही परत येईल. ही एकच गोष्ट एमरीला रात्रंदिवस टोचत होती.

“मागच्या सभेत काय झालं?” मदरनी विचारलं.

“काय होणार? चर्च भरलं होतं. मी सगळं समजावून सांगितलं. कायदा, हक्क, शाळेची योजना. शेवटी विचारलं, कोणाला बोलायचंय? तर सगळे गप्प! दगडांपुढे बोलल्यासारखं वाटलं मला.”

“पहिल्यापासून दगडच होते?”

“नाही… सुरुवातीला थोडी गडबड झाली. ते डीकन होरेस मध्येच बोलायला लागले.”

डीकन होरेस म्हणजे चर्चचे जुने सेवक. पहिल्या बाकावर बसणारे, आणि इथल्या रिवाजाप्रमाणे प्रवचनाच्या दर वाक्याला तिथून मोठ्यानं साद देणारे.

“काय विचारलं होरेसनं?”

“विचारलं असं काही नाही. ‘सांग, बाळा, सांग!’ असं मोठ्यानं म्हणाले. मग मागूनही कोणी काही, कोणी काही. मी नम्रपणे हात वर केला. म्हटलं, कृपया, प्रश्न शेवटी.”

पंखा थांबला.

“होरेसला म्हणालास?”

“नम्रपणे, मदर.”

मदरनी पंखा टेबलावर ठेवला.

“का? तिकडे उत्तरेत असंच करतात. नाहीतर सभा चालणार कशी?”

मदर ओडेसा खळखळून हसल्या. इतक्या, की डोळ्यांतलं पाणी बाहीने पुसावं लागलं. एमरीला ते लागलं. तो आणखी वेगाने फिरू लागला.

“बरं, बरं. आज काय बोलणार आहेस? ते मला म्हणून दाखव.”

एमरी खुर्च्यांसमोर उभा राहिला. घसा खाकरला.

“आमच्या आजोबांनी ही गोदी बांधली—”

“हं,” मदर म्हणाल्या.

तो थबकला. “चुकलं काही?”

“नाही. बोल.”

“आमच्या आजोबांनी ही गोदी बांधली, पण तिच्या फाटकातून आत जायला त्यांच्या नातवंडांना—”

“अगदी खरं.”

“मदर, मध्ये बोलू नका ना! माझा धागा तुटतो.”

मदरनी मान डोलावली. पुठ्ठ्याचा पंखा उचलून तोंडापुढे धरला. वर फक्त डोळे उरले.

एमरी बोलू लागला. धागा आता तुटत नव्हता. एक वाक्य, मग दुसरं, मग तिसरं. त्याचा आवाज खोलीतून फिरून त्याच्याच कानावर येत होता. मदरचे डोळे हलेनात. मान हलेना. त्याने आवाज चढवला. काही नाही. हात उंचावला. काही नाही. मानेवर घाम आला. शब्द कुठेतरी खोल विहिरीत पडत होते आणि तळाला लागल्याचा आवाज येत नव्हता.

“मदर, ऐकताय ना?”

…

“मदर?”

…

“अहो, निदान हं तरी म्हणा!”

पंखा खाली आला.

“हं,” मदर म्हणाल्या.

एमरी मटकन खुर्चीत बसला. त्या दिवशी प्रथमच. वर चर्चमध्ये पावलं वाजू लागली होती. माणसं जमत होती.

“मग आज काय बोलू?”

“अर्धं.”

“आणि उरलेलं?”

“उरलेलं तुझं कुठंय?”

ते वर गेले. नगरपरिषदेची माणसं एका बाजूला घड्याळं बघत बसली होती. बाकं भरली होती. पहिल्या बाकावर डीकन होरेस हाताची घडी घालून, ओठ घट्ट मिटून बसले होते.

एमरी उभा राहिला.

“आमच्या आजोबांनी ही गोदी बांधली.”

आणि तो थांबला.

…

पुढचं वाक्य जिभेवर आलं. त्याने ते गिळलं. एकाने खुर्ची सरकवली. कोणी खोकलं.

…

“सावकाश, बाळा,” मागून एक म्हातारी म्हणाली. “सावकाश.”

“आजोबांनी बांधली,” तो म्हणाला, आणि त्याने डीकन होरेस यांच्याकडे पाहिलं. “काका, तुमच्या वडिलांनीसुद्धा.”

होरेस यांची घडी सुटली.

“बांधली!” ते गरजले. “सांग, बाळा!”

“सांग!” बाकं म्हणाली.

पण सांगायला आता एमरीची गरजच उरली नाही. होरेस स्वतःच उठले. ते बसले नाहीत तोच एक आई उठली, मग तिच्या शेजारचा. वाक्य एकाचं, शेवट दुसऱ्याचा. नगरपरिषदेच्या माणसांनी घड्याळं बघणं सोडलं. एमरी हळूच येऊन मदरच्या शेजारी बसला. पण बसवेना. एक बाई शाळेची योजना सांगत होती आणि निम्मी चुकीची सांगत होती.

तो मदरच्या कानाशी वाकला. “मदर, कलम चुकतंय तिचं. मी जरा उठून—”

मदर ओडेसांनी पंखा त्याच्या तोंडापुढे धरला.

“प्रश्न शेवटी.”