भिवाजींच्या गळ्यातली पाटी

एकदा एका वृद्ध गुरुजींनी भरल्या दालनात एका जिवंत माणसाच्या गळ्यात पाटी अडकवली. मी तिथे असतो तर गुरुजींचा हात धरला असता, हे आधीच सांगून टाकतो.

झाले ते असे. गावातली तांबट आळी रस्तारुंदीत गेली. तिथल्या कारागिरांच्या स्मरणार्थ गावाने एक लहानसे वस्तुसंग्रहालय उभारले. त्यातली सारी यंत्रे गुरुजींच्या रमाकांत नावाच्या शिष्याने बसवली होती. पडद्यावर बोट ठेवावे, की हातोड्यांचा आवाज घुमे. आणखी एकदा ठेवावे, की रमाकांतचे वडील भिवाजी तांब्याचा हंडा ठोकताना दिसत. त्यांचा खरा हातोडा शेजारीच काचेच्या पेटीत ठेवला होता.

पन्नास वर्षांच्या त्या ठोकाठोकीने भिवाजी ठार बहिरे झाले होते. घरी सूनबाई त्यांना मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवी: चहा घ्या, गोळी घ्या. सोय उत्तम होती. भिवाजी वाचत आणि मान हलवत. पण आळी गेल्यापासून वर्षभरात त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. डॉक्टरांना काही सापडेना. आपल्या वडिलांचा, अण्णांचा, आवाज आता कायमचा गेला की काय, या विचाराने रमाकांत धास्तावला होता.

उद्घाटनाच्या दिवशी तो गुरुजींना आणि घरच्या सर्वांना घेऊन आला. भिवाजींना पेटीजवळच्या बाकावर बसवले. नातवंडांनी त्यांच्या शेजारी उभे राहून फोटो काढले, सूनबाईने खुणेने त्यांना हसायला सांगितले, आणि मग सगळे पडद्याभोवती जमले. पडद्यावरचे आजोबा पाहून मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाकावरचे आजोबा समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

गुरुजी तासभर हे पाहत होते. मग ते उठले, पेटीवर टांगलेली ‘कृपया हात लावू नये’ ही पाटी दोरीसकट काढली आणि भिवाजींच्या गळ्यात घातली.

“गुरुजी!” रमाकांत ओरडलाच. “अहो, हे काय करताय? अण्णा जिवंत आहेत!”

“तर मग तासाभरात त्यांना हात कोणी लावला, सांग.”

सूनबाईच्या हातातला मोबाइल खाली आला.

गुरुजी शांतपणे म्हणाले, “तरुणपणी मी रोज तुमच्या आळीतून शाळेत जात असे. त्या कल्लोळात कोणाचे कोणाला ऐकू येत नसे. तरी माणसे दिवसभर बोलत होती, रमाकांता. खांद्यावर थाप पडली, की भाता थांबव. पाठीवर तळवा फिरला, की काम छान झाले. मनगटावर बोटांचे दोन ठोके म्हणजे, चला, जेवायला. तू हातोडा जपलास, आवाज जपलास. त्यांची भाषा मात्र राहून गेली. कानांनी ते आळीतच बहिरे झाले होते. त्यांना मुके आपण केले.”

मनगटावरचे ते दोन ठोके रमाकांतला कसे ठाऊक नसणार? लहानपणी रोज दुपारी वडिलांना जेवायला बोलवायला आई त्यालाच तर आळीत पाठवत असे. तो बाकावर वडिलांना खेटून बसला. त्यांचे मनगट हातात घ्यायला त्याला धीर होईना. अखेर त्याने दोन बोटांनी दोन ठोके दिले.

भिवाजी दचकले. हातोडा खाली ठेवावा तशी त्यांची मूठ आपोआप उघडली. त्यांनी मुलाकडे नीट पाहिले. आवाज घोगरा होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

“किती उशीर केलास रे. केव्हाची भूक लागलीय.”

रमाकांतला रडू आवरेना. त्याने ती पाटी वडिलांच्या गळ्यातून काढली.

आपल्या घरात ती कोणाच्या गळ्यात आहे, एवढे प्रत्येकाने आजच्या आज पाहावे.