स्विनमिअरचं तळं आणि दोन नावांचं मांस

नाकाला रुमाल लावा खुशाल, इथं कोणी वाईट वाटून घेत नाही. हेच स्विनमिअरचं तळं. पाण्यावर हिरवी साय धरलीय ना, ती उन्हाळ्यात आणखी जाड होते, मग वास पार चर्चच्या पायरीपर्यंत येतो. गुरंसुद्धा याला तोंड लावत नाहीत. मी या इंग्रज गावचा जावई. हकीकत सासूबाईंनी सांगितली तशी सांगतो. ऐकून मळमळलं तर इलाज नाही. 

फार पूर्वी समुद्रापलीकडून फ्रेंच बोलणारे सरदार आले आणि इंग्लंडचे धनी झाले. या गावी गिरार नावाचा सरदार येऊन बसला. तेव्हापासून एका गावात दोन भाषा नांदू लागल्या. चिखलात, खुराड्यात, चुलीपाशी इंग्रजी. गढीत आणि जेवणाच्या मेजावर फ्रेंच. वुल्फरून नावाची विधवा सरदाराची डुकरं राखायची. ती त्यांना ‘स्विन’ म्हणायची. तीच कापून, शिजवून ताटात गेली, की सरदार त्यांना ‘पोर्क’ म्हणायचा. गिरारला इंग्रजीची इतकी शिसारी होती, की ती कानावर पडली तरी तो थुंकायचा, असं सांगतात.

त्याच्या लेकीचं, आलीसचं, लग्न ठरलं. त्याच सुमारास डुकरांवर रोग पडला. अंगावर लाल चट्टे उठायचे, तोंडातून फेस यायचा आणि जनावर तडफडत या तळ्याकाठी येऊन मरायचं. मढी फुगली, त्यांत किडे वळवळू लागले. लग्नाच्या पंगतीला पुरेशी धड डुकरं उरली नाहीत. सरदाराला हे सांगायची कारभाऱ्याची छाती होईना. त्यानं म्हणे मढी या पाण्यात धुवून घेतली, किडे खरवडून काढायला लावले, आणि वास मरावा म्हणून मिरी नि दालचिनी ओतून ती शिजवली.

वुल्फरूनला कळलं तशी ती धावत गढीत शिरली. पंगत बसली होती. ती ओरडली, “खाऊ नका! मेलेली डुकरं आहेत ती, सडलेली!”

मेजावरच्या कोणाला अक्षर कळलं नाही. सरदारानं कारभाऱ्याला विचारलं, “काय म्हणतेय ही?”

दोन्ही भाषा येणारा तो एकटाच. तो म्हणाला, “नवरीला आशीर्वाद देतेय, धनी. आणि वाटा मागतेय.”

सरदार खूश झाला. त्यानं आपल्या हातानं एक तुकडा कापून तिच्या तोंडात घातला. तिनं तो तिथंच थुंकला. मग काय! सरदाराच्या हुकमावरून शिपायांनी तिला अंगणात ओढलं आणि तिच्या तोंडात डुकराची विष्ठा कोंबली. आत पंगत पोटभर जेवली.

पुढं गढीची काय दशा झाली ते सासूबाई सविस्तर सांगतात, मी नाही सांगत. नवरा मुलगा दगावला. गिरारही गेला, आपल्याच घाणीत लोळत. नोकर पळून गेले. आलीस तेवढी अंथरुणात कण्हत पडली होती. तिचं ओकलेलं पुसायला कोण आलं असेल? वुल्फरून. दया आली म्हणून नव्हे. “पोर माझ्या डुकरांच्या पापानं मरू नये,” एवढंच ती म्हणाली म्हणे.

आलीस उठून बसली तेव्हा तिनं खुणांनी विचारलं, त्या दिवशी काय म्हणत होतीस? वुल्फरूननं तिला धरून तळ्यावर आणलं. काठाला उरलेलं एक मढं दाखवून म्हणाली, “स्विन.” मग हाताचं ताट करून घास घेतल्यासारखं केलं आणि पुन्हा म्हणाली, “स्विन.” आलीस तिथंच भडाभडा ओकली.

गढीत परतल्यावर तिनं पंगतीतलं उरलेलं मांस कारभाऱ्यापुढं ठेवलं. “खा,” म्हणाली. त्यानं मान फिरवली. तेवढं पुरे होतं. त्याच दिवशी त्याला गावाबाहेर हाकललं.

आलीसनं वुल्फरूनची माफी मागितली. “पार्डन,” म्हणाली. वुल्फरून थुंकली आणि म्हणाली, “ज्या भाषेत माझ्या तोंडात घाण कोंबायला सांगितलं, त्याच भाषेतला हा शब्द. मला नको.” मग आलीस चुलीपाशी बसून बायकांकडून इंग्रजी शिकली. तिला शब्दांचे प्रत्यय जमत नसत. ती ते गाळूनच बोलायची. परत आली तेव्हा म्हणाली, “सारिग.” जुन्या भाषेत म्हणजे, माझा जीव दुखतोय. आजच्या ‘सॉरी’चं मूळ तेच. वुल्फरूननं ऐकून घेतलं. माफ मात्र केलं नाही. पुढं ती जगली तोवर रोज राखेनं तोंड घासायची, तरी चव जात नाही म्हणायची.

आलीसनं पुन्हा लग्न केलं. तिची मुलं आईसारखीच प्रत्यय गाळून, अर्धी शेतातली अर्धी मेजावरची अशी भाषा बोलू लागली, आणि हळूहळू गावही तसंच बोलू लागलं. विद्वान म्हणतील, भाषा काय अशी एका घरातून बदलते? नसेलही. गाव मात्र असंच सांगतं.

आजही इथं लग्नाच्या जेवणात नवरी आधी उभी राहते, मांसाच्या थाळीवर हात ठेवते आणि ते जनावर कुठं चरत होतं, कशानं मेलं, ते त्याच्या मेजावरच्या नव्हे, शेतातल्या नावानं सगळ्यांना सांगते. मगच घास उचलायचा. माझ्या बायकोनंही सांगितलं, अगदी खणखणीत आवाजात. त्या दिवशी मी नुसता पाव खाल्ला.