सुईणीचा खडक

मोरवणच्या खाडीत शिरताना डाव्या हाताला किल्ल्याची पडकी तटबंदी लागते, उजव्या हाताला बंदरवाड्याच्या मशिदीचा पांढरा मिनार, आणि दोहोंच्या मध्ये पाण्यात एक काळा, सपाट माथ्याचा खडक. ओहोटीला त्यावर बगळे बसतात. भरतीला तो बुडतो. होडीतून उतरलेले पाहुणे त्याचे नाव विचारतात, तेव्हा किल्ल्याखालच्या पाखाडीतले, म्हणजे ख्रिस्ती वाडीतले, बावतीस गुरुजी छत्री मिटून धक्क्यावर बसतात आणि सांगू लागतात.

चारशे वर्षांहून जुनी गोष्ट आहे म्हणे. फिरंगी मिऱ्यांसाठी आले, पण येताना आपल्या मुलखातले जुने वैरही गलबतात घालून घेऊन आले. तिकडे क्रूस आणि चंद्रकोर पिढ्यान् पिढ्या लढत होते. इथल्या कोळ्या-तांडेलांना त्या लढायांची नावेही ठाऊक नव्हती, पण मरावे लागले ते त्यांनाच. फिरंग्यांनी हाजींचे एक जहाज भर समुद्रात जाळले. त्यावर बंदरवाड्याचे सात खलाशी होते. मग सुलतानाचा एक सरदार फौज घेऊन आला. त्याच्या स्वारांनी पाखाडीतले चर्च पेटवले, आत लपलेली अकरा माणसे बाहेर आलीच नाहीत. उरलेली पाखाडी फिरंग्यांच्या किल्ल्यात पळाली आणि दरवाजे बंद झाले.

बंदरवाड्यात हाजराबी नावाची सुईण होती. जळालेल्या जहाजावरच्या सातांपैकी एक तिचा याकूब, एकुलता एक. खाडीच्या दोन्ही काठांवरची अर्धी माणसे तिच्या हातावर जन्मली होती, पण त्या दिवसापासून तिने किल्ल्याकडे तोंड करून बसणेसुद्धा सोडले होते.

वेढ्याला तीन महिने झाले. वैशाख सरत आला होता. एका पहाटे ओहोटीला किल्ल्याचा चोरदरवाजा उघडला आणि पांढरे फडके धरून एक म्हातारी चिखल तुडवीत आली. ती पाखाडीची कतरीन. तिची सून नातालीन दोन दिवस अडली होती, मूल आडवे आले होते. शिपायांनी कतरीनला सरदारापुढे उभे केले, हाजराबीलाही बोलावले.

कतरीन म्हणाली, "हाजराबाय, तुझा पोर आमच्या लोकांनी जाळला. मी कुठल्या तोंडानं मागू? पण दुसरी कोण आहे गं?"

सरदार खूश झाला. किल्ल्यात पाण्याचे एकच टाके होते आणि त्यात पाणी किती उरले, हे त्याला कळत नव्हते. टाके आटले असेल तर आठ दिवसांत किल्ला पडणार. भरले असेल तर पावसाच्या आत वेढा उठवावा लागणार. तो म्हणाला, "जा. मूल सोडव. आणि येताना टाकं बघून ये."

तिने हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. घरी गेली, आपल्या विहिरीची घागर भरली. कुठेही गेली तरी बाळाची पहिली आंघोळ ती आपल्या घरच्या पाण्याने घालत असे, तशी तिची रीतच होती. घागर कमरेवर घेऊन ती कतरीनच्या मागून चालू लागली.

बाळंतिणीची खोली टाक्याच्या पलीकडे होती. काठावरूनच जावे लागे. हाजराबी गेली.

नातालीनचे ओठ पांढरे पडले होते. हाजराबीने पोटावर हात ठेवला आणि क्षणभर तो तसाच राहिला. या भिंतींच्या आत कुठेतरी तिच्या याकूबला जाळणारा माणूस जेवत असेल, झोपत असेल. तिला ओरडावेसे वाटले. मग तळव्याखाली मूल हलले आणि हात आपले काम करू लागले. दुपार कलताना मूल फिरले, पायांकडून आले, आणि रडले. तिने आपल्या घागरीच्या पाण्याने त्याला न्हाऊ घातले.

संध्याकाळच्या ओहोटीला ती निघाली तेव्हा किल्ल्याचा कप्तान तलवार उपसून वाटेत उभा होता. मोडक्या बोलीत त्याने विचारले, "काय पाहिलंस?"

"मूल पाहिलं. मुलगी आहे. पायाळू आहे."

"हिनं टाकं पाहिलं. ही बाहेर जाणार नाही."

कतरीन मध्ये आली. तिच्यामागे पाखाडीच्या साऱ्या बाया आल्या. "माझ्या शब्दावर आली आहे ती. कोंडायचं तर आधी मला कोंडा." कप्तानाने त्या बायांकडे पाहिले. त्यांचे नवरेच तटावर बंदुका धरून उभे होते. त्याने तलवार खाली केली.

पलीकडे सरदार वाटच पाहत होता. त्यानेही तेच विचारले, "काय पाहिलंस?"

"मूल पाहिलं. मुलगी आहे. पायाळू आहे."

"टाकं?"

"मी सुईण म्हणून गेले होते, हुजूर. बाळंतिणीच्या घरातलं बाहेर सांगायचं नसतं."

सरदाराने तिला खडकावर नेऊन बांधायला लावले. भरती लागत होती. बोलेल तेव्हा सोडा, असा हुकूम झाला. पाणी गुडघ्याला आले, कमरेला आले. टाके आटलेले असले, तर एका शब्दात याकूबचा सूड उगवणार होता, आणि तो शब्द फक्त तिच्या जिभेवर होता. तटावर माणसे गोळा झाली. तिच्या शब्दावर आपले मरणे-जगणे आहे, हे त्यांनाही ठाऊक होते.

पाणी छातीला लागले तेव्हा बंदरवाड्याचा इद्रूस तांडेल होडी घेऊन निघाला. सातांपैकी दुसरा त्याचा भाऊ होता.

"सांगून टाक, हाजराबी. माझ्या भावाची शपथ आहे तुला."

तिने तोंडात गेलेले खारे पाणी थुंकले. म्हणाली, "इद्रूस, तुझ्या वेळी तुझ्या आईनं तुझ्या बापाला काय काय शिव्या घातल्या, ते मी आजवर कुणाला सांगितलं?"

इद्रूसने कोयता काढला, दोर कापला आणि तिला होडीत ओढले. काठावर तिरंदाजांनी धनुष्ये ताणली. पण तोवर बंदरवाड्याच्या सगळ्या होड्या सुटल्या होत्या, आणि त्याच होड्यांतून फौजेचे धान्य येत होते. सरदाराने बाण सोडायची खूण केली नाही. होड्या हाजराबीला घेऊन खाडीच्या वरच्या अंगाला गेल्या, त्या वेढा उठेपर्यंत परतल्या नाहीत. धान्य तुटले, आठव्या दिवशी तंबू उठले.

लढाई तेवढ्याने संपली, असे मात्र नाही. दोन वर्षांनी फिरंग्यांनी बंदरवाडा जाळला, पुढे किल्लाही पडला. टाक्यात पाणी होते की नव्हते, ते हाजराबीने मरेपर्यंत सांगितले नाही. म्हणून गोष्ट सांगणाऱ्यालाही ते माहीत नाही.

आजही दोन्ही गावांत सोयरीक होत नाही. जुने काही निघाले की आवाज चढतात. पण आजही पाखाडीत मूल जन्मले की पहिल्या आंघोळीची घागर बंदरवाड्यातून येते, आणि बंदरवाड्यात जन्मले की पाखाडीतून जाते. घागर आणणाऱ्या बाईला परतल्यावर कुणी काही विचारत नाही. मध्यंतरी एका वर्षी भांडण पेटले, धक्क्यावर पोलीस बसले, होड्या बंद झाल्या. त्या वर्षी नऊ मुले जन्मली, आणि नऊच्या नऊ घागरी ओहोटी बघून, चिखलातून, डोक्यावरून गेल्या.