काठावरचा कायदा

फार पूर्वी सगळ्या रानांची मिळून एक महासभा होती. ओढ्यांचे काठ ढासळू लागले, तेव्हा सभेने कायदा केला की काठात कोणी बीळ करायचे नाही. मसुदा सांबराने लिहिला होता.

महिन्याभराने एका दूरच्या ओढ्यावरून खंड्या पक्ष्याची मादी तक्रार घेऊन आली. "मायबाप, आमची घरटी काठातल्या बिळातच असतात. सभेच्या पहारेकऱ्यांनी ती बुजवली. माझ्या बिळात चार अंडी होती."



"मग झाडावर का नाही केलंस घरटं?" सांबराने विचारले.

"एकदा येऊन बघा," एवढेच ती म्हणाली.

सांबर गेला. बुजवलेल्या बिळांपाशी काठ शाबूत होता. ढासळला होता पाणवठ्याजवळ, आणि तिथल्या चिखलात सांबरांच्याच खुरांचे ठसे होते. त्याला मान वर करवेना.

परतून तो सभेत म्हणाला, "काठ आमच्या कळपानं मोडला. मी न बघताच कायदा लिहिला." कायदा त्याच दिवशी रद्द झाला.

ते सांगायला तो पुन्हा ओढ्यावर गेला. ती नवे बीळ कोरत होती.

"ताई, चुकलो मी."

तिने ऐकून घेतले, चोचीतली माती खाली टाकली आणि पुन्हा कोरू लागली.

सांबर तहानलेला होता. पाणी न पिताच तो मागे फिरला.