गोळ्या भरताना आलेली हाक

“आज तरी सांगा, उस्ताद. माझी काडतुसं मी भरू का नको?”

शार्दूल जाचकनं हे तिसऱ्यांदा विचारलं.  उस्ताद समोरच्या दगडी भिंतीकडे बघत राहिले.

मिरजेबाहेरची ही जुनी खाण. दगड संपला, माणसं गेली, आणि नेमबाजीच्या क्लबानं ती रीतसर परवान्यानं घेतली. भर दुपारी बाराला तिथे चिटपाखरू नसतं. आपल्याच पायाखालचा खडा वाजला तरी माणूस मागे वळून बघतो.

उस्ताद अमीन शिकलगार क्लबाची हत्यारं सांभाळत. शिसं वितळवून साच्यात गोळ्या ओतायच्या, काडतुसांच्या वापरलेल्या पुंगळ्यांत दारू मोजून घालायची, वर गोळी बसवायची, हे सगळं त्यांच्या हातचं. तीन वर्षं त्यांनी शार्दूलला नुसतं शिसं ओतू दिलं. दारूच्या डब्याला बोट लावू दिलं नाही.

रविवारी पुण्यात स्पर्धा होती. उस्तादांच्या काडतुसांवर जिंकलो तर अर्धं नाव उस्तादांचं होणार, हे शार्दूलला सलत होतं. पोरगा नेमबाज होता खरा, पण मन काही नेमाइतकं मोठं नव्हतं.

“बोला की, उस्ताद...”

“तुझा हात लई भरोशाचा हाय,” उस्ताद म्हणाले. “म्हणून नगं.”

हे काय उत्तर झालं? शार्दूलचं डोकंच फिरलं.

खरं तर विचारण्यात अर्थ नव्हता. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, तशी त्याची गत. सकाळी क्लबाच्या खोलीत, उस्ताद यायच्या आतच, त्यानं दहा काडतुसं भरून ठेवली होती, आणि ती या घडीला त्याच्या पिस्तुलात होती.

“मग बघाच,” तो म्हणाला आणि त्यानं पिस्तूल उचललं. आखूड नळीचं, तळहातात मावणारं हत्यार. फार लाडकं होतं ते त्याचं.

पहिला बार. खाणीच्या भिंतीनं ओ दिली.

दुसरा. ओ आली. तिसरा, चौथा, पाचवा. समोरच्या पुठ्ठ्यावर पाच भोकं, एका वाटीत मावतील अशी. शार्दूलच्या ओठांवर हसू आलं.

सहाव्याला नुसतं ‘फट्’ झालं. बाटलीचं बूच निघावं तसं.

भिंत गप्प राहिली.

शार्दूलचा हात थांबला नाही. पिस्तूल अडलं की वरची सरकती स्लाइड मागे खेचायची, पुढचं काडतूस आत घ्यायचं आणि मारायचं, हे त्यानं हजारदा घोटलेलं. पाऊण सेकंदात त्यानं ते केलं. बोट चापावर गेलं...

आणि नळीच्या तोंडावर एक तळवा आला.

उस्ताद कधी उठले, कधी पुढे आले, त्याला कळलंच नाही. म्हातारा पिस्तुलासमोर उभा होता.

“मार.”

“उस्ताद! बाजूला व्हा! आत काडतूस आहे!”

“म्हाईत हाय. मार की.”

“अहो, तुम्हाला लागेल!”

“मला न्हाई लागायची.”

 ऊन डोक्यावर होतं, आणि तरी शार्दूलच्या पाठीवरून गार काहीतरी सरकत गेलं.

“मग... कुणाला लागेल?”

 उस्ताद शार्दूलच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. तिथे कुणी उभं असावं तसे.

शार्दूलनं वळून बघितलं नाही. तेवढी हिंमत नव्हती. त्यानं चापावरचं बोट काढलं. पिस्तूल जमिनीकडे वळवलं, मॅगझिन काढलं, आतलं काडतूस बाहेर घेतलं. पिस्तूल उघडून नळी वेगळी केली आणि आभाळाकडे धरून आत डोळा लावला.

उजेड दिसला नाही.

उस्तादांनी पितळेची सळई आणली. लाकडी हातोडीनं चार ठोके घातले. त्यांच्या तळव्यावर शिशाची एक करडी गोळी पडली. सहावी. पुंगळीत दारूच नव्हती. बुडाशी फुटणाऱ्या टिकलीनं गोळी नळीत अर्धवट ढकलली आणि ती तिथेच रुतून बसली. तिच्यामागून सातवी सुटली असती, तर नळी शार्दूलच्या हातात, त्याच्या तोंडासमोर फुटली असती.

हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. तीन वर्षं ऐकत होता. पण हात डोक्याच्या पुढे पळाला.

त्याला रडू आलं, ते त्यानं लपवलंही नाही.

“सहावं भरताना उठलास?” उस्तादांनी विचारलं.

“...हो.”

“का?”

“हाक आली. बाहेरून.”

“कुणाची?”

“आईची.”

“आई कुठं असती तुजी?”

शार्दूलनं तोंड उघडलं.  सकाळी हे मनातही आलं नव्हतं.

“इंदापूरला,” तो म्हणाला.



“कितींदा आली?”

“एकदाच.”

एकट्या हाकेला ओ देऊ नये, तिसऱ्या हाकेपर्यंत थांबावं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही सांगतात. शार्दूल शिकलेला. तो ओ देऊन बाहेर गेला होता. अंगणात कुणी नव्हतं. आत येऊन त्यानं समोरच्या पुंगळीवर गोळी बसवली, आणि दारू घातली की राहिली, हे बघायचं त्याला सुचलंच नाही.

“उस्ताद, तुम्हाला कसं कळलं मी उठलो ते?”

उस्तादांनी गोळी सदऱ्याच्या खिशात टाकली. “तुज्याआधी दोघं उठले हुते.”

“ते आता कुठं असतात?”

 उस्ताद पितळी सळई फडक्यानं पुसत बसले.

“मी परत नाही भरणार,” शार्दूल म्हणाला. “आईशपथ. पुण्यालाही नाही जात. बघा, हात कसा कापतोय.”

उस्तादांनी त्याचा हात हातात घेतला. बराच वेळ धरून ठेवला. नाडी बघावी तसा.

“कापतोय न्हवं? मग उद्यापास्नं भर,” ते म्हणाले. “दारूचा डबा तुज्याकडं.”

शार्दूल तीन वर्षं ज्यासाठी झुरला ते मिळालं होतं, आणि आता ते नको वाटत होतं.

“आणि परत हाक आली तर?”

उस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले. वाटेला लागले. दहा पावलांवर थांबले, पण वळले नाहीत.

“येणार की. त्या टायमाला आवाज माजा असंल.”